दिवाणजींचे केस

आमच्या घरी गेली सहा वर्षे एक दिवाणजी राहतात. भुवया झुपकेदार व पुढे आलेल्या, मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या आणि हनुवटीला चौकोनी दाढी. माझ्या सासऱ्यांच्या भुसार दुकानात चाळीस वर्षे खतावणी लिहिणारे जे दिवाणजी होते, त्यांची आठवण व्हावी असा चेहरा. म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवले. कागदोपत्री त्यांचे नाव ऑस्कर असून जात मिनिएचर श्नाउझर आहे. हा मूळचा जर्मनीचा कुत्रा. शेतावरच्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त करण्यासाठी त्याची पैदास झाली. तेव्हा भुसार व्यापाऱ्याच्या घरात तो येणे व्यवहाराला धरूनच होते. फक्त त्याचा वडिलोपार्जित धंदा आम्ही आल्या दिवशीच बंद करविला.

२०१९ साली चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला गेले आणि त्यांचा तीन वर्षांचा जर्मन कुत्रा सोलापुरात आमच्याकडे राहिला. "सहा महिन्यांत घेऊन जातो, आई," असे ठरले होते. त्या मुदतीला तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत आहे. बँकेत असते तर असे खाते मी केव्हाच थकीत म्हणून दाखविले असते.

सासूबाईंचे वय तेव्हा ऐंशीच्या वर. त्यांनी दोनच अटी घातल्या. स्वयंपाकघराचा आणि देवघराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही, आणि त्याचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले पाहिजे. दुसरी अट त्याने इतकी पाळली की आता सायंकाळी पाचच्या सुमारास तोच सासूबाईंच्या झोपाळ्यासमोर येऊन बसतो. पशुवैद्यांनी आहाराची यादी सांगताना कांदा आणि लसूण कुत्र्याला कटाक्षाने देऊ नका असे बजावले, तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मी विसरणार नाही. द्राक्षे आणि मनुकाही त्याला वर्ज्य आहेत, हे मात्र सोलापुरासारख्या ठिकाणी सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आहार मार्गी लागला, केसांचे कोडे मात्र सुटेना. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा केस मुदत संपली की आपोआप गळतो. राठ केसांच्या कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ लोकर आणि बाहेर तारेसारखा ताठ केस. हा बाहेरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, मग मरतो. परंतु मेल्यावरही सहजासहजी पडत नाही, मुळाशी सैल होऊन तसाच उभा राहतो. त्याला बोटांनी ओढून काढले तर त्या जागी पुन्हा तसाच ताठ, रंगदार केस येतो. कात्रीने किंवा यंत्राने कापला तर मेलेल्या केसाचा खुंट कातडीत राहतो, आतली लोकर वर चढते आणि कुत्रा मऊ व फिका दिसू लागतो. दिवाणजींचा रंग मीठ-मिरीचा. त्याचा एकेक केस उन्हात धरून पाहिला तर त्यावर काळे-पांढरे पट्टे दिसत. केस कापला की ते पट्टेच कापले जातात आणि उरतो तो नुसता राखाडी रंग. हे सर्व मला नंतर कळले. सुरुवातीला आम्ही त्याला सरळ एका दुकानात भादरायला पाठवीत होतो.

ते दुकान मोठे होते, काचेचे दार, वातानुकूलित. दर दीड महिन्याला अठराशे रुपये घेत. तिसऱ्या खेपेस दिवाणजी परत आले ते थरथरतच. पोटाजवळची कातडी लाल झालेली, मानेभोवती दोरीचा वळ. टेबलाला उभ्या असलेल्या लोखंडी दांड्यावरून फास सोडून कुत्र्याची मान अडकवून ठेवण्याची तिथली पद्धत होती. ती सर्वत्रच असते असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेही असावे. पण तीन दिवस तो कोणी मानेकडे हात नेला की खाली बसे. मी त्या दुकानाला दोष देऊन थांबले असते. परंतु पाठविले कोणी होते? चिठ्ठीवर सही माझीच होती.

तेव्हा हे काम घरीच करायचे ठरविले. निवृत्त माणसाला वेळेची टंचाई नसते. लोखंडी दातांची विरळ फणी, एक बारीक फणी, तारांचा मऊ ब्रश, बोथट टोकाची कात्री, एक दातेरी कात्री, नखे कापण्याचा चिमटा असे सामान जमविले. एकूण खर्च दोन हजार सातशे, म्हणजे दोन खेपांच्या आतच वसूल. यजमानांना हा हिशेब फार आवडला. मागील दारी ओट्याशेजारी जुने लाकडी टेबल ठेवले आणि पाय घसरू नयेत म्हणून वर जुनी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरली.

हिशेबात न बसणारी गोष्ट दुसऱ्याच आठवड्यात घडली. कुत्र्याच्या काखेत, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात केसांचा गुंता होतो. तो वेळीच सोडविला नाही तर नमद्यासारखा घट्ट बसतो. पाणी लागल्यावर अधिकच. आंघोळीपूर्वी विंचरायचे असते, नंतर नव्हे, हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या पायाच्या काखेतला असा एक गोळा मी कात्रीने सरळ कापला. गोळ्यात कातडीही ओढली गेलेली असते. दिवाणजी ओरडले नाहीत, फक्त एकदा माझ्याकडे वळून पाहिले. चादरीवर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा मला कळले. पशुवैद्यांनी दोन टाके घातले. "कात्री आणि कातडी यांच्या मध्ये नेहमी फणी ठेवा, फणीच्या वरचेच कापा," असे ते सहज म्हणाले. एवढे साधे वाक्य दोन दिवस आधी कोणी सांगितले असते तर, असे वाटले खरे. परंतु मी विचारलेच कोणाला होते? त्या रात्री सामायिकात मन लागले नाही.

पुढचे काही महिने मी कात्री फार जपून वापरली. नखांचेही तसेच. त्याची नखे काळी, त्यामुळे जिव्हाळी बाहेरून दिसत नाही. थोडे थोडे कापत जावे, कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबावे. एकदा चुकून रक्त आले तर मक्याचे पीठ दाबून धरावे. हे सारे हात शिकतात, डोक्याला फार काम नसते. दाढी रोज जेवणानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, नाहीतर तिथे कातडी लाल होते. हे काम यजमानांनी आपण होऊन पत्करले. दुकानातून सहाला येऊन हातपाय धुण्यापूर्वी ते ही सेवा करतात. मुलांच्या लहानपणी त्यांनी एकाचेही तोंड पुसल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या वर्षी चिरंजिवांनी जर्मनीतून सांगितले की तिथे ह्या जातीचे केस हाताने काढतात, कापत नाहीत. त्याच्या शेजारच्या घरी असाच कुत्रा आहे, त्याचा रंग कसा खुलतो ते पाहा म्हणून त्याने छायाचित्रे पाठविली. "आई, आपला ऑस्करही असा दिसायला हवा." खरे सांगायचे तर मलाही ते मनात भरले. फणीने केस उभे करायचे, डाव्या हाताने कातडी मागे ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत पाच-सहा केसांची टोके धरायची आणि केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने, झटका न देता काढायचे. कृती वाचायला सोपी होती.

पहिल्या दिवशी मी मानेवरचे केस काढू लागले, तेव्हा सासूबाई मागील दाराशी झोपाळ्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी पाहिले आणि माळ थांबविली.

"अगं, हा तर लोच झाला."

"तसेच म्हणायचे, आई," मी हसून म्हणाले.

"तसेच कसे म्हणायचे? महाराज स्वतःचे केस स्वतःच्या हाताने काढतात. त्या दिवशी उपवास करतात. देहाचा मोह सुटला म्हणून काढतात. ह्याला कसला मोह आहे? मोह तुला आहे, नि तुझ्या मुलाला."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. लहानपणापासून आपण केशलोचाचे सोहळे पाहत आलो. दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी मुनिमहाराज लोच करतात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते ते वेदनेच्या कल्पनेने नव्हे, त्या चेहऱ्यावरच्या शांततेने. ती शांतता स्वेच्छेची आहे. टेबलावर उभ्या केलेल्या मुक्या प्राण्याला स्वेच्छा विचारायची कशी? एकच क्रिया, स्वतः केली तर तप, दुसऱ्यावर लादली तर काय?

त्या रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, अन्नपाणी रोखणे. परीक्षेत मी हे कित्येकदा लिहिले असेल. परंतु ही यादी मुख्यतः घरात जनावर बाळगणाऱ्या गृहस्थासाठी आहे, असे त्या दिवशी प्रथमच जाणवले. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून व्यापार करीत. त्यांच्या रोजच्या जगण्यातूनच ती उभी राहिली असावी. मी एकेक बाब ताडून पाहिली. दुकानातला तो फास म्हणजे बंध. काखेतला तो घाव छेद म्हणता येईल की नाही याचा निर्णय पंडितांनी करावा, माझ्या मनाने केलेलाच आहे. आणि दिवाणजींच्या पाठीमागे जिथे शेपूट असायला हवे तिथे दोन बोटांचा खुंट आहे. ह्या जातीची पिल्ले काही दिवसांची असतानाच शेपूट कापण्याची चाल होती, कारण काय तर रूप. कित्येकांचे कानही टोकदार दिसावेत म्हणून कापीत. जर्मनीत आज दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे. आम्ही ते विकत घेतले तेव्हा शेपूट आधीच गेलेले होते, पण पैसे मोजून आम्ही त्या कामाला अनुमोदना दिलीच. कृत, कारित, अनुमोदित. तिन्ही एकाच तागडीत तोलले जाते, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःसाठी एक नियम केला. टेबलावर दिवाणजींना बांधायचे नाही, कोणी धरायचे नाही. टेबलाला लागून एक स्टूल ठेवायचे, म्हणजे त्यांना हवे तेव्हा उतरता येईल. ते उतरले की त्या दिवसाचे काम बंद.

पहिले तीन दिवस ते दोन-दोन मिनिटांत उतरले. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की चूक माझ्या बोटांची आहे. मी जास्त केस एकदम धरीत होते, आणि पिकलेले व कच्चे असा भेद करीत नव्हते. आमच्या सोलापूर भागात रब्बीची ज्वारी मुळासकट उपटून काढतात. पीक पुरते वाळले असेल तर ताट हाताला हलकेच येते. हिरवे असेल तर रोजगाऱ्याचे तळहात सोलवटून निघतात. केसांचे तंतोतंत तसेच आहे. जो केस मेलेला आहे तो नुसता बोटांत धरून हात मागे नेला की येतो, कातडी हलतसुद्धा नाही. जो अडतो तो अजून जिवंत आहे, त्याला सोडून द्यायचे, महिनाभराने पुन्हा विचारायचे. हे एकदा हाताला उमगले आणि दिवाणजी टेबलावर आडवे झाले. सातव्या दिवशी चक्क घोरू लागले. पोट, गळा, मांड्यांची आतली बाजू ही नाजूक जागा. तिथे केस ओढायचे नाहीत, कात्रीच चालवायची. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे संपूर्ण पाठ व्हायला बारा दिवस लागले.

एक अडचण राहिली होती. केस तुळतुळीत असले की बोटे घसरतात. म्हणून हे काम आंघोळीपूर्वी करतात, आंघोळ नंतर काही दिवसांनी. परदेशात बोटांना खडूची भुकटी लावतात. मी नातवंडांच्या पाटीवरचा खडू किसून घेतला होता, पण तो पुरेना. नवव्या दिवशी टेबलाच्या कोपऱ्यावर एक वाटी दिसली. आमच्या मागील दारी अजून जुना तांब्याचा बंब आहे. त्यातली चाळलेली राख तिच्यात होती.

"बोटांना लाव," झोपाळ्यावरून आवाज आला. "महाराजही राखच लावतात."

त्या विषयावर आम्हां दोघींत पुन्हा बोलणे झाले नाही. आजतागायत आम्ही खडू आणलेला नाही.

अडीच-तीन महिन्यांनी नवा केस वर आला तेव्हा दिवाणजींचे रूप पाहण्यासारखे होते. पाठ ताठ, मीठ-मिरी वेगवेगळी दिसावी असा रंग, भुवयांना कोन, दाढी चौकोनी. सकाळी फिरायला नेले की लोक थांबवून विचारीत, "हे कुठे करून घेता?" मी "घरीच" म्हणे आणि ते उत्तर देण्यासाठी, कबूल करते, कधी कधी लांबच्या रस्त्याने जात असे. चिरंजीव छायाचित्रे शेजाऱ्यांना दाखवीत. बँकेत एवढी वर्षे केलेल्या कामाचे कौतुक त्यांनी केल्याचे आठवत नाही, ते कुत्र्याच्या केसांनी मिळवून दिले.

गोचिडांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण जैन घरात कुत्रा म्हटला की पहिला प्रश्न हाच येतो. पावसाळ्यात रोज फणी फिरविताना एखादा गोचीड सापडतोच. रॉकेलच्या डब्यात टाकण्याची सर्वत्र चाल आहे. ती आमच्याकडे शक्य नव्हती. मी काही दिवस ते काढून दूर गवतात सोडीत असे. मग एका वर्षी त्याला गोचिडांमुळे होणारा ताप आला, चार दिवस अन्न सोडले, रक्ततपासणीत पेशी घसरलेल्या निघाल्या. गवतात सोडलेला गोचीड दुसऱ्या एखाद्या मुक्या प्राण्यावर चढणार हेही तेव्हाच ध्यानात आले. आता पशुवैद्यांनी दिलेले औषध मानेवर टाकतो. त्याने गोचीड मरतात. आरंभी हिंसा आणि विरोधी हिंसा यांची चर्चा करून मी मनाची समजूत घालू शकते, पण दशलक्षण पर्वात प्रतिक्रमणाच्या वेळी ते औषध मला आठवते, आणि ते आठवावे असेच मला वाटते. निदान रोज विंचरले तर औषध कमी लागते, म्हणून विंचरणे एक दिवसही चुकवीत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात दिवाणजी नऊ वर्षांचे झाले. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे वाटीत राख घेऊन मी काम सुरू केले. दुसऱ्या मिनिटाला ते उठून स्टुलावरून उतरले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी अगदी पिकलेला केस निवडून धरला, तरी कातडी त्याच्याबरोबर उचलली गेली. पशुवैद्य म्हणाले, वयाने कातडी पातळ झाली आहे, केसांचे चक्रही मंदावले आहे. आजार असा काही नाही. मला वाटले, दोन आठवडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. दिवाळीत चिरंजीव चार वर्षांनी येणार होते. रूप तेवढे तोवर सांभाळावे, हा विचार मनात आला हे लपवीत नाही. दोन आठवडे थांबले. ते पुन्हा उतरले.

मग केस कापण्याचे यंत्र आणले. पात्यांना क्रमांक असतात. आकडा मोठा तेवढे केस आखूड राहतात, हे उलटे गणित लक्षात ठेवावे लागते. दहा क्रमांकाच्या पात्याने जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतो. सोलापूरच्या उन्हात इतके आखूड केले तर कातडी भाजेल, म्हणून मी चार क्रमांकाचे पाते घेतले. पाते चालता चालता तापते; दर दोन-तीन मिनिटांनी ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचे. वीस मिनिटांत पाठ झाली. बारा दिवसांचे काम वीस मिनिटांत! दिवाणजी एकदाही उतरले नाहीत.

खाली चादरीवर पडलेल्या केसांत पट्टे दिसत होते. पाठीवर उरली होती ती मऊ राखाडी लोकर, शिळ्या साबुदाण्यासारख्या रंगाची. जूनपर्यंत ती आणखी फिकी झाली. चिरंजिवांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले आणि क्षणभर गप्प राहिले.

"आई, हा आपला ऑस्कर वाटत नाही."

"वय झाले रे त्याचे."

"पण थोडे थोडे हाताने काढले असते तर? आठवड्यातून एकदा?"

मी टेबल, स्टूल, दोन मिनिटे असे सारे सांगितले. त्याला ते पटले की नाही कळले नाही. "दिवाळीला बघू," एवढेच तो म्हणाला. सकाळी फिरायला आता मी जवळच्या रस्त्याने जाते. कोणी विचारीत नाही, आणि मला ते थोडे लागते, हेही खरे.

भुवया आणि दाढी मात्र अजून कात्रीनेच करावी लागते. यंत्राचा आवाज तोंडाजवळ त्यांना चालत नाही. दाढी कापताना डोके स्थिर हवे, आणि धरायचे नाही हा माझाच नियम. एरवी यजमान समोर बसून त्यांच्याशी बोलत राहतात, तेवढ्याने काम भागते. मागच्या रविवारी ते दुकानाच्या मालमोजणीत अडकले होते. मी कात्री हातात घेऊन वाट पाहत उभी होते. दिवाणजी टेबलावर, मान इकडून तिकडे.

सासूबाई झोपाळ्यावरून उठल्या. जपमाळ पिशवीत घातली, पिशवी खुंटीला अडकविली. सहा वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावलेला नव्हता. टेबलाजवळ येऊन त्यांनी आपला तळहात पालथा न करता त्याच्या हनुवटीखाली नुसता धरला, पकडले नाही. दिवाणजींनी डोके त्यावर ठेवले.

"डावीकडे जास्त आहे," त्या म्हणाल्या.

मी डावीकडचे कापले.

"आता उजवीकडे."

दाढी सारखी झाली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला, बंबातले पाणी अजून गरम आहे का ते विचारले आणि दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या.